ऑर्वी टॅकेटचं वजन

ऑर्वी टॅकेट जेवायला बसला की आम्ही हातातलं काम सोडून बघत बसायचो. उंची सहा फुटांच्या वर, अंगावर मांस म्हणून नाही, आणि समोर येईल ते सगळं फस्त. आमच्या बँडमधल्या एफ्रेनची बायको लूपे त्याला म्हणायची, "तुझ्या पोटात दुसरं कुणी राहतं का रे? त्याच्याकडून भाडं तरी घेत जा." ऑर्वी तोंडात घास असतानाच हसायचा आणि ताटली पुन्हा पुढे करायचा.

त्याच्याबद्दल लिहायचं कारण एवढंच, की आमचं 'लाल आभाळ' हे गाणं लोक अजून ऐकतात, आणि ते इतकं लांब का, याबद्दल वाटेल ते छापून येतं. तबकडीची एक अख्खी बाजू त्या एका गाण्याने भरली आहे. कुणी लिहितं, नशेच्या गोळ्या घेऊन आम्हाला वेळेचं भान उरलं नव्हतं. कुणी त्यात आत्म्याचा प्रवास शोधतं. मी त्या गाण्यात बास गिटार वाजवली, ऑर्वीने ड्रम. बँडमधल्या तिघांपैकी आता मी एकटाच उरलो आहे, आणि मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

आम्ही तिघंही कॅलिफोर्नियातल्या फोंटाना गावचे. ऑर्वीचे वडील हर्शल टॅकेट पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. दुष्काळाच्या वर्षांत ओक्लाहोमातून आलेलं घराणं. बोलणं कमी, रविवारी चर्च, आणि मुलाने बापाला 'सर' म्हणायचं. आई वेल्मा मात्र बोलकी होती. घरामागे पूर्वी त्यांच्या कोंबड्या असत. धंदा बसला तेव्हा कोंबड्या विकल्या गेल्या आणि पत्र्याची लांबलचक शेड रिकामी राहिली. तिथे आम्ही वाजवायचो. झाडूनपुसून घेतली होती, तरी उन्हं तापली की जुन्या पिसांचा वास वर यायचा.

'लाल आभाळ' एफ्रेनने लिहिलं. तो गिटार वाजवायचा आणि गायचा. कारखान्यात भट्टीतली उकळती धातूची मळी उतारावर ओतत, तेव्हा संध्याकाळचं सगळं आभाळ लाल व्हायचं. आमच्या गावात पोरं त्या उजेडात लहानाची मोठी होत. गाणं त्याच्याबद्दल होतं, दुसऱ्या कशाबद्दलही नव्हतं. तीन कडवी, मध्ये थोडी गिटार, आणि संपलं. रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांएवढंच.

ते लांबलं ऑर्वीमुळे, आणि त्याला कारण ड्वेन प्रुइट.

ऑर्वी आणि ड्वेन शाळेत कुस्तीच्या संघात होते. ड्वेन सगळ्यात वजनदार गटात, बैलासारखा. तो व्हिएतनामला गेला आणि पाच-सहा महिन्यांत परत आला तो बंद पेटीतून. पेटी उघडायची नाही, असा वरून हुकूम होता. आम्ही सहा जणांनी ती उचलली. मी ऑर्वीच्या मागे होतो. उचलताना सगळ्यांनी अंगातला जोर लावला आणि पेटी एकदम वर आली, जड समजून रिकामी बादली उचलावी तशी. कबरीवरून परतताना ऑर्वी मला म्हणाला, "त्याच्यात काय होतं रे? ड्वेन एकटा दोनशे पौंडांचा होता."

"गप्प बस, त्याची आई मागे आहे," मी म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात ऑर्वीला भरतीच्या तपासणीचं बोलावणं आलं. माझा डावा कान लहानपणी गोवरात गेला, म्हणून मला सैन्यात घेत नव्हते. एफ्रेनला बायको आणि मुलगी होती, म्हणून तोही वाचला होता. सरकारला चालेल असा आमच्यात ऑर्वी एकटाच.

"कॅनडात जा," एफ्रेन म्हणाला. "माझा चुलतभाऊ नेऊन सोडेल."

"तिथल्या थंडीत माझी बोटं चालायची नाहीत. आणि आई तिकडे कशी येणार? तिने तर अजून समुद्रसुद्धा बघितला नाही."

"मग काय करणार?"

"वजन उतरवणार," ऑर्वी म्हणाला.

खालच्या वजनगटात लढता यावं म्हणून कुस्तीवाल्या पोरांना ही विद्या पक्की येत असे. वजन करायच्या आधी आठवडाभर खाणं तोडायचं, मग पाणी तोडायचं, अंगावर रबरी कपडे चढवून घाम गाळायचा, आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात थुंकत बसायचं. वजन झालं की त्याच जागी बसून पोट फुटेस्तोवर जेवायचं. ते जेवण म्हणजे सगळ्याचं बक्षीस. शाळेत कुस्तीचा मास्तरच पोरांना त्या जेवणाला घेऊन जाई. आणि भरतीचा नियम असा, की उंचीच्या मानाने वजन अमुक एका आकड्याखाली असेल तर माणूस नापास. ऑर्वीला त्या आकड्याखाली जायला पंचवीस-एक पौंड उतरवायचे होते.

उन्हाळ्याचे दिवस. शेडचा पत्रा हात लावू नये इतका तापायचा. ऑर्वी जुना रबरी पोशाख, त्यावर दोन स्वेटर घालून ड्रमवर बसायचा. डबा पायाशी. आम्ही नेहमीची गाणी वाजवायला घेतली, तर तो प्रत्येक गाण्यानंतर चिडायचा.

"थांबता कशाला? थांबलं की घाम सुकतो."

"गाणं संपलं रे," मी म्हणालो.

"मग संपवू नका."

"तू एकटा बडव ना," एफ्रेन म्हणाला. "आम्ही सावलीत बसून तुझं कौतुक करतो."

"एकटा बडवत बसलो तर बाबा येऊन विचारतील. गाणं चालू असलं की त्यांना वाटतं सराव चाललाय."

म्हणून आम्ही न संपणारं गाणं शोधलं. 'लाल आभाळ'मध्ये बासचे चारच सूर होते, फिरून फिरून तेच. ते मी धरून ठेवले. एफ्रेन कडवी म्हणून झाली की गिटारवर मनाला येईल तिकडे भटकायचा. सुचेनासं झालं की गिटार ठेवून बाहेर सिगारेट ओढायला जायचा. मग राहायचे माझे चार सूर आणि ऑर्वीचे ड्रम. तो काही कसब दाखवत नव्हता. त्याला फक्त हातपाय हलते ठेवायचे होते. एक हात दमला की ठेका दुसऱ्या हाताकडे द्यायचा, हात दमले की पायाकडे. त्यातून ते फिरत जाणारे ठेके तयार झाले, ज्यांच्यावर पुढे लोकांनी लेख लिहिले.

एफ्रेन दारातून आत डोकावून ओरडायचा, "भावा, माझी पोरगी शाळेत जाईपर्यंत संपेल का हे?"

"ती कॉलेजात गेली की बघू!" ऑर्वी ओरडायचा आणि डब्यात थुंकायचा.

तपासणीच्या दिवशी पहाटे तो बाकीच्या पोरांबरोबर बसने लॉस एंजेलिसला गेला. दुपारी परत आला तो दोन्ही हात वर करून. दोन पौंडांनी सुटला होता. पण कायमचा नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावू, असं त्याला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी वेल्माबाईंनी टेबल भरून टाकलं. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, घेवडा, दुधातली घट्ट ग्रेव्ही, पीचचा केक. आम्हालाही बोलावलं होतं. ऑर्वी किती खातो यावर एफ्रेन पैज लावत होता आणि लूपे त्याला टेबलाखालून लाथा मारत होती. हर्शल टॅकेट टेबलाच्या टोकाला बसून हे बघत होते. शेवटी म्हणाले, "सैन्याने अशक्त म्हणून परत पाठवलेल्या माणसाला एवढी भूक लागते?"

"आज जरा कमीच लागलीय, सर," ऑर्वी म्हणाला.

सगळे हसले. हर्शल उठून ओट्यावर गेले. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात फिलिपीन्समध्ये होते. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी कुणी काही ऐकलं नव्हतं. मुलगा वजन चोरतो, हे मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं.

त्यानंतर आम्ही शेजारच्या रिव्हरसाइड शहरातल्या एका क्लबात वाजवायला लागलो. एकदा एफ्रेनच्या गिटारची तार तुटली आणि ती बदलेपर्यंत वेळ काढायचा म्हणून ऑर्वीने आणि मी शेडमधला तो न संपणारा भाग सुरू केला. लोक नाचायचे थांबले. काही जण जमिनीवर आडवे झाले, डोळे मिटून. संपल्यावर आधी शांतता आणि मग असा गोंगाट, की आम्हीच घाबरलो. पुढच्या आठवड्यापासून लोक तेच मागायला लागले. घरून चादरी घेऊन यायचे. क्लबचा मालक म्हणाला, "तुम्ही काय वाजवता मला कळत नाही, पण हे पोरगे बियर न पिता तीन तास पडून राहतात. जरा मध्ये थांबत जा."

दुसरं बोलावणं हिवाळ्यात आलं. थंडीत घाम येईना. शेडमध्ये आम्ही रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, दारं लावली, फटीत गोणपाटं कोंबली. तरी पहिल्यासारखं होईना, म्हणून ऑर्वी जास्त वेळ वाजवायचा. ट्रकवाले झोप मारायला ज्या गोळ्या घेत, त्या त्याने भूक मारायला आणल्या. गाणं आणखी लांबलं. आता त्यात एक संथ भाग आला, कारण मधूनच त्याला धाप लागायची. गोळीचा अंमल चढला की वेगाचा भाग यायचा. आम्ही त्याच्या मागे जात होतो, एवढंच.

त्याही वेळी तो सुटला, जेमतेम. घरी जेवणावळ झाली. पण या खेपेला त्याने जेवून ओकून टाकलं आणि दोन दिवस झोपून राहिला. वेल्माबाईंनी मला अंगणात गाठलं.

"त्याच्या उशीवर केस सापडतात मला. मूठभर. बाविशीच्या आतल्या पोराचे! तू सांग ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"तो कुणाचंच ऐकत नाही, मिसेस टॅकेट."

"मग काय मी बघत बसू?"

मी ऑर्वीशी बोललो. म्हणालो, अंधत्वाचं सोंग कर, वेड्याचं कर, काहीही कर, पण हे नको. तो पलंगावर पडून होता. म्हणाला, "वेड्याचं सोंग करायला खोटं बोलावं लागतं. इथे मी खोटं काही बोलत नाही. काट्यावर उभा राहतो, काटा सांगतो." मग कूस बदलून म्हणाला, "ड्वेनची पेटी आठवते?"



त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हॉलिवूडच्या एका कंपनीचा माणूस, लॅस्कर नावाचा, क्लबात आला आणि आमचं गाणं ऐकून गेला. सप्टेंबरात त्याने आम्हाला ध्वनिमुद्रणाला बोलावलं. त्याच सुमाराला ऑर्वीचं तिसरं बोलावणं आलं. ध्वनिमुद्रण आदल्या दिवशी, तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख बदलून मागू, असं मी म्हणालो.

"कशाला?" ऑर्वी म्हणाला. "मला तसंही दिवसभर घाम काढायचाच आहे. तिथे काढतो. निदान वीजबिल तरी कंपनीच्या माथी."

तोवर तो असा झाला होता की शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा दिसायचा. दात मोठे वाटायला लागले होते. पायऱ्या चढताना कठड्याला धरायचा. पण ड्रमवर बसला की हात चालत.

स्टुडिओत बर्फासारखा गारठा होता. ऑर्वीने रबरी पोशाख चढवला आणि लॅस्करला म्हणाला, "सर, ती थंड हवेची मशीन बंद करता का?"

"यंत्रं तापतील."

"तापू द्या ना. मीही तापतोय."

"हा काय वेडा आहे का?" लॅस्करने आम्हाला विचारलं.

"ड्रमवाला आहे," एफ्रेन म्हणाला.

मशीन बंद झाली. लॅस्करला रेडिओसाठी तीन मिनिटांचं गाणं हवं होतं. ते आम्ही आधी उरकून दिलं. मग ऑर्वी म्हणाला, आता आम्ही आमच्यासाठी एकदा वाजवतो, फीत चालू ठेवायची तर ठेवा. लॅस्करने खांदे उडवले आणि फीत लावून ठेवली.

ते वाजवणं कसं झालं हे सांगायला नको, लोकांनी ते ऐकलेलं आहे. कडवी झाली, एफ्रेनची गिटार भटकून आली आणि थांबली. मी माझे चार सूर धरले. ऑर्वी एकटा सुटला. काचेपलीकडे लॅस्कर उभा राहिलेला मला दिसला. मग ड्रमच्या मधोमध ती जागा आली. उजव्या हाताची काठी झांजेच्या कडेवर नुसती घासून गेली. डावा हात उशिरा पडला. मग काहीच नाही. मी वळून पाहिलं तर ऑर्वी तसाच बसलेला, डोळे उघडे, हात मांडीवर. मला वाटलं, पडणार. माझी बोटं चालत राहिली, ती थांबवायचं मला सुचलंच नाही. मग पायाचा ढोल वाजला. एकदाच. बऱ्याच वेळाने पुन्हा. मग जरा लवकर. दाराबाहेर कुणी उभं राहून हळूहळू ठोठावावं तसा. आणि तिथून तो पुन्हा चढत गेला, आणि एफ्रेनने घाईघाईने गिटार उचलून गाणं कसंबसं संपवलं.

लॅस्कर आत धावत आला. "ती जी थांबण्याची जागा आहे ना, ते सोनं आहे! कुणी शिकवलं तुला असं थांबायला?"

ऑर्वी ड्रमच्या मागे फरशीवर गाल टेकून पडला होता. "मी थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "मला काही दिसत नव्हतं. ड्रम कुठे आहेत ते पायाने शोधत होतो."

लॅस्कर हसला. त्याला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी ऑर्वीला बसपर्यंत सोडायला स्वतः हर्शल गेले. मला याचं आश्चर्य वाटलं. गाडीत काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही, बहुधा काहीच झालं नसेल. दुपारी मी आणि एफ्रेन बसथांब्यावर उभे होतो. ऑर्वी उतरला तो हळूच, एकेक पाय टाकत. चेहऱ्यावर काही कळेना.

"बोल ना रे!" एफ्रेन ओरडला.

"तिथला म्हातारा डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला," ऑर्वी म्हणाला. "मग दुसऱ्याला बोलावून त्यालाही ऐकवलं. म्हणाले, तुझ्या काळजात बिघाड आहे, तू आम्हाला कधीच चालणार नाहीस. पुन्हा बोलावणार नाहीत. कधीच नाही." आणि तो थांब्याच्या बाकावर बसून रडायला लागला. मग रडतारडताच म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, घरी जा आणि जेव, पोरा."

काळजातल्या बिघाडाचं आम्हाला काही वाटलं नाही. आम्हाला वाटलं, ऑर्वीने हेही जमवलं. एफ्रेन रस्त्यात नाचला.

वेल्माबाईंनी सकाळपासून रांधायला घेतलं होतं. सुटला तर आनंदाचं, नाही सुटला तर जाण्याआधीचं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या वेळच्या सगळ्या वस्तू होत्या आणि वर डुकराच्या मांसाचा भाजलेला मोठा तुकडा. ऑर्वीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. लूपेने भाड्याची तिची जुनी थट्टा केली. तो खात होता. पोरगं खातंय याचाच सगळ्यांना इतका आनंद, की कुणी त्याला दम घे म्हटलं नाही. त्याची ताटली रिकामी झाली तेव्हा टेबलाच्या टोकाला हालचाल झाली. हर्शलनी स्वतः मांसाची थाळी उचलली आणि मुलापुढे धरली.

"घे," ते म्हणाले.

आजवर त्यांनी मुलाला हाताने काही वाढलेलं मी बघितलं नव्हतं. ऑर्वीनेही बघितलं नसावं. तो बापाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "थँक यू, सर," आणि दोन तुकडे घेतले. पोटात जागा नव्हती हे दिसत होतं. तरी त्याने ते संपवले.

आम्ही निघताना तो ओट्यावरच्या खाटेवर आडवा झाला होता. पाय सुजल्यासारखे दिसत होते. छातीवर हात ठेवून मला म्हणाला, "आत कुणीतरी ठेका चुकवतंय बघ. तुझ्यापेक्षा वाईट."

"मी कधी चुकलो रे?"

"तू चार सुरांत काय चुकणार!" तो म्हणाला. हे आमचं शेवटचं बोलणं.

सकाळी वेल्माबाई त्याला उठवायला गेल्या.

गावातल्या डॉक्टरने नंतर समजावून सांगितलं, की इतक्या उपाशी शरीरावर एकदम एवढं अन्न आलं की आतला सगळा हिशेब विस्कटतो आणि दमलेलं काळीज बंद पडतं. चमच्याचमच्याने भरवायला हवं होतं, पातळ, कित्येक दिवस. वेल्माबाईंनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी वाढलं ते." डॉक्टर तसं नाही म्हणून सांगत राहिला. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. पुढे त्या वर्षानुवर्षं जगल्या, आणि जो भेटेल त्याला मध्येच, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता, हे एक वाक्य सांगायच्या.

हर्शल तेव्हा खिडकीपाशी पाठ करून उभे होते. म्हणाले, "मनिलाला आम्ही जपान्यांचा तुरुंग उघडला. आतली माणसं अशीच होती, नुसती हाडं. आमच्या पोरांनी त्यांना आपल्याजवळचे मांसाचे डबे दिले. दयेने दिले. सकाळपर्यंत कित्येक मेले. मग हुकूम आला, कुणी काही खायला द्यायचं नाही." मग म्हणाले, "मला माहीत होतं. मी बघितलेलं होतं. आणि थाळी मीच पुढे केली."

त्यानंतर त्या टेबलावर ते कधी जेवले नाहीत. हातात ताटली घेऊन अंगणात उभ्याने जेवायचे. पावसातसुद्धा.

पेटी उचलायला पुन्हा आम्हीच होतो. मी आधीच हलकी समजून धरली होती.

तबकडी नोव्हेंबरात आली. लॅस्करने तीन मिनिटांचं गाणं बाजूला ठेवून ते लांबलेलंच छापलं, एक अख्खी बाजू. ती इतकी खपेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ऑर्वीबद्दल तबकडीवर काही लिहिलं नव्हतं. लॅस्कर म्हणाला, लोकांना उदास करायचं नाही. कंपनीने गावोगावचे कार्यक्रम ठरवले आणि सॅक्रामेंटोचा एक ड्रमवाला आणला, गॅरेट नावाचा. गुबगुबीत, हसरा, भला पोरगा. त्याने तबकडी ऐकून सगळं तोंडपाठ केलं होतं. अगदी सगळं. झांजेवरून काठी घसरते ते, डावा हात उशिरा पडतो ते, मग ती शांतता, आणि मग पायाने शोधणं. तो ते रोज संध्याकाळी जसंच्या तसं करायचा. त्या जागेला हजारो लोक श्वास रोखायचे आणि पायाचा ढोल वाजला की आरोळी उठायची.

एफ्रेनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "भावा, तेवढी जागा सोडून दे."

"का? तीच तर बघायला येतात," गॅरेट म्हणाला. तो चूक बोलत नव्हता. कंपनीही तेच म्हणाली. एफ्रेनने त्याला खरं काय ते सांगितलं नाही, आणि मीही नाही. सांगितलं असतं तर बिचाऱ्याला वाजवता आलं नसतं.

मी एक हंगाम वाजवलं. क्लीव्हलंडच्या कार्यक्रमात ती जागा आली, काठी घसरली, शांतता पडली, आणि माझी बोटं थांबली. मी गिटार गळ्यात तशीच लोंबत ठेवून गॅरेटकडे धावलो आणि मागून त्याच्या काखेत हात घालून त्याला धरलं. अंगाने तो चांगला भरलेला होता, जड होता. तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. "काय झालं? काय झालं तुला?" लोकांना वाटलं हे गाण्यातलंच आहे. ते उभे राहून ओरडत होते. एफ्रेन एकटाच पुढे उभा राहून माझे चार सूर आपल्या गिटारवर वाजवत होता, मी परत येईन म्हणून.

मी गॅरेटला सोडलं आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.